दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर

९ सप्टेंबर

दाजी,

पायावर डोकं ठेवलंय असं समजा. एवढ्या लांबून तेवढंच जमतं.

फोन केला की ताई उचलते आणि तुम्ही कायम "आत्ताच बाहेर गेलेत". एवढे बाहेर तर तुम्ही लग्नाआधीही जात नव्हता. म्हणून शेवटी पत्र. अक्षर लागलं नाही तर ताईला द्या, माझ्या शाळेच्या वह्या वाचून ती तरबेज झालेली आहे.

मी अजून त्याच गॅरेजात आहे. हसू नका. माझा मलाच विश्वास बसत नाही. मागच्या महिन्यात बॅग भरलीही होती, पण एक गाडी आली आणि मी अडकलो.

घरगाडी म्हणतो मी तिला. पुढून टेम्पो, मागून घर. आत पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरी, खिडकीला पडदा आणि पुस्तकांचं कपाट. वळणावर पुस्तकं पडू नयेत म्हणून कपाटाला आडवी चामड्याची पट्टी. मालक म्हणजे एक म्हातारं जोडपं. आजी शाळेची बस चालवायची, आजोबा बुकबाइंडर. राहतं घर विकून टाकलं आणि आता हेच घर. डिझेलवर चालणारं! पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा चपला काढल्या. आजी म्हणाली, "पोरा, इंजिन तपासायला आलास की पूजेला?"

आता दुखणं. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो ना समोर, तो पेटतो. मनात येईल तेव्हा. कधी त्याच्या जोडीला ब्रेकचा दिवा, कधी थंड इंजिन तापवणाऱ्या गुंडाळीचा. मग चढावर इंजिन हातपाय गाळतं आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत शिव्या घालतात. आजी दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे आणते आणि आमच्या दारात चाक टेकताच दिवा गुल. डॉक्टरचं दार दिसताच पोटदुखी पळते, तसं.

आमच्याकडे एक लॅपटॉपवाला आहे. भला माणूस, मला शिकवतो. त्याचं यंत्र जोडलं की काय झालं होतं ते कळतं. पहिल्यांदा यंत्र म्हणालं, दुसरा इंजेक्टर. नंतर म्हणालं, डिझेलच्या दाबाचा सेन्सर. तिसऱ्यांदा म्हणालं, इंजिनाचा मेंदू आणि ब्रेकचा मेंदू एकमेकांशी बोलत नव्हते. लॅपटॉपवाला म्हणाला, "यांच्या घरात भांडण आहे, पण कोणी सुरू केलं ते कोणी सांगत नाही."

मी डॅशबोर्ड उघडला आणि खाली बसलोच. दाजी, आपल्या वर्कशॉपातल्या इंजिनात असतं काय? डिझेल, हवा आणि तुमची एक शिवी. तेवढ्यावर ते वीस वर्षं चालतं. इथे केसासारख्या वायरींचे जुडगेच्या जुडगे, आणि प्रत्येकीतून कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगतंय. क्षणाला हजार निरोप. थंडी किती, चाक किती फिरलं, पायाने किती दाबलं. मी हात लावायला घाबरलो. असं वाटलं की मी कोणाचं तरी बोलणं दाराआडून ऐकतोय आणि मला भाषाच येत नाही.

बर्फ पडलं की इथला घाट बंद होतो. त्याआधी दोघांना पलीकडे मुलीकडे पोचायचंय. गॅरेजचा मालक म्हणतो, इंजिनाचा मेंदूच बदला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, मी शोधून देतो."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? आणि दुसरं. मी निघालो तेव्हा तुम्ही फक्त "जा" म्हणालात. तेव्हापासून आवाज नाही. रागावलात का? असाल तर तेही लिहून टाका, पण लिहा.

तुमचा,
भिंगरी


२४ सप्टेंबर

चिरंजीव भिंगरीस आशीर्वाद.

पत्र ताईच्या मदतीशिवाय वाचलं. "इंजेक्टर" तीन तऱ्हेने लिहून खोडला आहेस. तिन्ही चूक.

फोनवर बोलणं मला जमत नाही. पत्रच लिहीत जा. रागावलो असतो तर हा कागद खर्ची घातला नसता.

गाडीबद्दल. यंत्राकडून तुला नाव मिळालं, पत्ता मिळालेला नाही. डोकं, गुडघा आणि दात एकाच दिवशी दुखतात असं कोणी म्हणालं तर त्याला तीन रोग झालेत असं मी धरत नाही. रात्री तो कुठे झोपला होता ते विचारतो. इंजेक्टर, सेन्सर आणि ब्रेक यांच्यात सामाईक काय आहे ते शोध. सगळ्यांची वीज परत कुठून जाते ते बघ. अर्थिंगची पट्टी बघ.

इंजेक्टरवर आळ आलाच आहे तर त्याचीही खातरजमा करून घे. इंजिन चालू ठेव. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगाला लाव आणि मूठ दातात धर. कानाला लावू नकोस. दोन्ही कानांत बोटं घाल, डोळे मीट. चारही ठिकाणी असं कर. बाकी तुला कळेल. स्क्रूड्रायव्हर पुसून घे, नाहीतर दिवसभर डिझेलचे ढेकर येतील.

आजींना सांग, त्या जागेला पूजेला आल्यासारखंच वागवतोस ते बरं करतोस.

दाजी


८ ऑक्टोबर

दाजी,

दातात धरला.

कसं सांगू? डोळे मिटले, कानांत बोटं घातली, मूठ चावली, आणि गॅरेज नाहीसं झालं. मालकाचा आरडाओरडा गेला, हवेचा पंप गेला. इंजिन माझ्या कवटीत येऊन उभं राहिलं. बाहेरून जो नुसता खडखडाट ऐकू येतो त्याच्या आत इतकं नीटनेटकं काम चाललेलं असतं हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. टिक, टिक, टिक, टिक. चार शिंपी एकाच कापडावर बसलेत आणि कोणाचाही टाका चुकत नाही. मी तसाच उभा राहिलो. लॅपटॉपवाल्याने खांदा हलवला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती. म्हणाला, "चव कशी आहे?" मग त्यानेही करून बघितलं आणि तोही बराच वेळ डोळे उघडेना.

चारही इंजेक्टर ठणठणीत. आळ खोटा.

पण दाजी, दातात कधीपासून? तुम्ही तर कानाला लावायचात. मूठ काळी, कान काळा, आणि उशीची खोळ खराब झाली म्हणून ताईचा तोंडाचा पट्टा चालू. मला ही दाताची विद्या कधी दाखवली नाहीत. लपवून ठेवली होती काय?

आता बातमी. गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत तांब्याची विणलेली एक पट्टी जाते. हात लावला तर हिरवा भुगा. नवी बसवली. लॅपटॉपवाला म्हणाला, सगळे निरोप याच वाटेने परततात, वाट खचली की सगळेच बोंबलणार. गाडी घेऊन दोघं गेले, तळ्याकाठी राहून आले, दिवा नाही! आजीने मला मिठी मारली. आजोबा माझ्या पाठीवर असं थोपटतात की जणू ओल्या पुठ्ठ्यातली हवा काढतायत.

सापडलं, दाजी. मला सापडलं. शाळेत मला बेरीज सापडत नव्हती.

भिंगरी


२० ऑक्टोबर

चिरंजीव भिंगरीस,

नाचून झालं असेल तर वाच.

पट्टी कुजली होती, बदललीस, चांगलं केलंस. पण कुजलेली पट्टी रोज कुजलेलीच असते. सोमवारी कुजकी आणि मंगळवारी धडधाकट असं ती करत नाही. तुझा दिवा मात्र लहरी आहे. कारण रोजचं आणि दुखणं अधूनमधूनचं, ही जोडी माझ्या मनाला पटत नाही. मी चुकत असेन तर आनंदच आहे.

दिवा परत आलाच तर गाडी गॅरेजात घेऊ नकोस. ती तुझ्याकडे येते तेव्हा बरी असते हे तूच लिहिलं आहेस. तिला बरं नसतं तिथे तू जा. त्या बोटीच्या इंजिनासाठी मी बोटीवरच राहायला गेलो होतो, आठवतं? काठाला बांधलेली असताना एकदम शहाणी, आणि पाणी कापायला लागली की खोकायची. बरोबर राहिलो म्हणून सापडलं. हातात हत्यार धरू नकोस. नुसता राहा. त्यांच्याबरोबर जेव, त्यांच्या वेळेला झोप, आणि बघत बस. तुझ्यासारख्याला हेच सगळ्यात अवघड जाणार.

दाजी

ताईचं थोडंसं: बाळा, यांनी मला काही लिहायचं नाही अशी ताकीद दिली आहे म्हणून मी लिहीत नाही. एवढंच की पत्र मोठं लिहीत जा. हे पुन्हा पुन्हा वाचतात. वर्कशॉपला सध्या कुलूप आहे, म्हणतात सुट्टी घेतली. कसली सुट्टी! घरात असून नसल्यासारखे. परवा मी गच्चीवर होते तर किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तू जेवतोस ना नीट?


२ नोव्हेंबर

दाजी,

तुम्ही चुकला नाहीत. दिवा परत आला.

आजीने फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका साधा होता की मलाच रडू आलं. "पोरा, तुझा पिवळा मित्र आलाय," म्हणाली. मी मालकाला म्हटलं, रजा द्या. तो म्हणाला, एका दिव्यासाठी? मी म्हटलं, हो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, जा म्हणाला.

ताईने कुलपाचं लिहिलंय. मला कळलं. मी गेलो म्हणून तुमचं मन उडालं ना कामावरून? किटली ओरडते आणि माणूस पेपरातून मान वर करत नाही, इतकं? मी येऊ का परत? तुम्ही एक शब्द लिहा, मी निघतो.

तोवर ही गाडी. आता मी घरगाडीतच राहतो. रात्री पुढच्या दोन सीटवर आडवा होतो, पाय स्टेअरिंगवर. सकाळी आजी माझ्या पायाला धरून भोंगा वाजवते आणि म्हणते, चुकून लागला.

तुम्ही म्हणालात, हत्यार धरू नकोस. हात नुसते वळवळतात. पण बघत बसलोय. आणि बघायला किती आहे! मी आजवर गावांमधून नुसता निघून गेलो, हे आता कळतंय. घाटाच्या पायथ्याशी आहोत. समोर डोंगर असे उभे की मान मागे टाकली तरी माथा दिसत नाही. संध्याकाळी खालचं सगळं काळं होतं तरी माथा तांबूस राहतो, कोणीतरी वर दिवा विसरल्यासारखा. तेव्हा हातातलं सोडून सगळे बाहेर येतात. आजीसुद्धा.

दोघांची एक रीत आहे. मुक्काम करायचा तो उतारावर, गाडीचं तोंड खाली करून. पाणी असेल तर पाण्याकडे, नसेल तर दरीकडे. पलंग मागे आहे, उंचावर. मग सकाळी डोळा उघडला की पुढच्या काचेतून सगळं खोरं पायाशी येतं. आजोबा म्हणतात, "आयुष्यभर मी लोकांच्या पुस्तकांना पुठ्ठे घातले, पान कधी निवांत बघितलं नाही. आता रोज सकाळी एक उघडतो." बाकी सगळे घरगाडीवाले चाकाखाली फळ्या घालून गाडी सपाट करतात. हे दोघं मुद्दाम तिरके झोपतात. चमचा ठेवला की घरंगळतो.

दिवा कधी सकाळी येतो, दुपारपर्यंत जातो. कधी येतच नाही. अजून सूत्र लागत नाही.

आणि एक राहिलं. आजोबांचे दोन्ही कानांचे पडदे लहानपणीच गेले, कान वाहायचे म्हणे. मला पत्ताच नव्हता, कारण ते ऐकतात! डोक्यामागून एक पट्टा जातो, त्याची दोन टोकं कानाच्या पुढच्या हाडावर टेकतात. कान मोकळेच. मी गमतीने घालून बघितला, आजी बारीक आवाजात काहीतरी बोलली, मी कानांत बोटं घातली, आणि आजीचा आवाज थेट माझ्या डोक्यात उमटला. मी दचकलो. हे मी आधी ऐकलंय, दाजी. हे तर स्क्रूड्रायव्हरसारखं आहे.

त्यावर मी अजून विचार करतोय.

भिंगरी


९ नोव्हेंबर

दाजी,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. हे पत्र घाटाच्या पलीकडून टाकणार आहे, मुलीचा पत्ता मागे लिहिलाय.

सापडला. या वेळी नाचत नाही, कारण नाचावंसं वाटलं नाही. बसून लिहावंसं वाटलं.

तळ्याकाठी मुक्काम होता. सकाळी जाग आली तेव्हा काच दवाने पांढरी झाली होती. बाहेर काही दिसेना म्हणून आजी पलंगावरून ओरडली, "आमचं पान कोणी मिटलं?" मी वायपर फिरवला. सगळं दव ओघळून काचेच्या खालच्या कडेला गेलं. मी रोज बघत होतो ते, रोज. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की हे जातं कुठे?

उतरलो, बॉनेट उघडलं. काचेखाली एक पन्हळ असते, तिला मागच्या दोन कोपऱ्यांत भोकं, पाणी चाकाजवळून खाली जावं म्हणून. गाडी सपाट असेल तर जातंही. पण इथे तोंड खाली. पाणी मागे भोकांकडे जायचं सोडून पुढे येत होतं. पन्हळीच्या पुढच्या सांध्यातलं रबर तडकलंय, आणि तिथे एक थेंब लोंबत होता.

मी हलवलं नाही काही. नुसता बघत राहिलो. थेंब फुगत गेला. त्यात सगळं तळं उलटं होऊन वर, डोंगर खाली लोंबतायत, मधे सूर्याचा टाचणीएवढा ठिपका, आणि कडेला माझं तोंड. इतकं मोठं खोरं इतक्याशा थेंबात मावलं होतं आणि काही सांडत नव्हतं. मग तो सुटला आणि खाली बरोबर त्या कनेक्टरवर पडला जिथून चारही इंजेक्टरांच्या, सेन्सरच्या आणि दोन्ही मेंदूंच्या निरोपांच्या वायरी एकत्र जातात. पडताच तो आत मुरला. मी आजीला म्हटलं, चावी फिरवा. पिवळा दिवा आला.

आजी म्हणाली, "येवढासा?"

खात्री केली. दुपारी सगळं वाळल्यावर फळ्या घालून गाडी सपाट केली, काचेवर किटलीने पाणी ओतलं, काही नाही. तोंड खाली केलं, तेवढंच पाणी ओतलं, दिवा हजर. पुन्हा सपाट, पुन्हा उतार. आजोबा किटली भरभरून देत होते आणि दिवा लागला की टाळ्या वाजवत होते. आमच्या गॅरेजची फरशी सपाट आहे, दाजी. तिथे ती जन्मात आजारी पडली नसती. आणि नवी पट्टी बसवल्यावर जे काही दिवस दिवा आला नाही, ते कोरडे होते, एवढंच. माझी हुशारी त्यात काडीची नव्हती.

मी म्हटलं, आता गाडी सपाट उभी करत जा. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना घर विकायला सांगितलंय. "आणि सकाळी बघायचं काय, शेगडी?" आजोबा म्हणाले. मग मी सांधा साफ करून नवं रबर भरलं, कनेक्टर उघडून आतला हिरवा थर पुसला. आजोबांनी पुस्तकाला घालायचं मेणकापड काढलं, माप घेतलं, सरस लावून कनेक्टरला असं कव्हर घातलं की कोपरेसुद्धा दुमडून बसवले. म्हणाले, "हे माझं शेवटचं बाइंडिंग. आत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण जपायला येतं."

रात्रभर दव पडलं. सकाळी दिवा नाही. आम्ही घाट चढलो. दिवा नाही. वळणामागून वळण, ढग खाली गेले, आजी गात होती, आणि इंजिन ते चार शिंपी घेऊन चढत होतं. माथ्यावर थांबलो. मी बॉनेट उघडून फोनवर इंजिनाचा आवाज टेप केला. तुमच्यासाठी. ताईच्या फोनवर पाठवलाय.

आता विचारतो. थेंबाकडे बघताना मला एकदम सगळं दिसलं. फोन न उचलणं. कानाला लावू नकोस, दातात धर. किटली. मी ते सगळं राग म्हणून वाचत होतो, कारण मला वाटत होतं की सगळं माझ्यावरून चाललंय.

दाजी, तुमचे कान गेलेत का?

सोबत आजोबांचा जुना पट्टा पाठवतोय. चालू आहे. ते म्हणाले, आत नस जिवंत असेल तर चालेल, नसेल तर परत पाठवा, पुस्तकं बांधायला वापरेन.

भिंगरी


२५ नोव्हेंबर

बाळा,

तुझं पत्र मी आधी वाचलं. यांनी वाचलं आणि उठून अंगणात गेले. आता ताकीद मोडतेच.

दोन वर्षं झाली. आधी एक कान, मग दुसराही. गंमत म्हणजे कायमचे नाही. कोरड्या हवेत ऐकू यायचं, दमट हवा पडली की दारं बंद. त्यामुळे डॉक्टरांकडे जायचे त्या दिवशी नेमकं ऐकू यायचं, आणि हे म्हणायचे, बघ, उगाच आणलंस. मग एक इंजिन दुरुस्त म्हणून परत दिलं आणि ते आतून ठोकत होतं. मालक दारात उभा राहून बोलत होता आणि यांना तेही ऐकू येत नव्हतं, नुसते मान हलवत होते. त्या दिवशी कुलूप लावलं. स्क्रूड्रायव्हर दातात धरून बघायचे, तेवढं ऐकू येतं म्हणायचे, पण माणसाला दातात कसं धरणार?

तू निघालास तेव्हा "जा" म्हणाले, कारण तू काहीतरी विचारलं होतंस आणि यांना फक्त ओठ हलताना दिसले. तुला सांगू दिलं नाही. कळलं तर भिंगरी सगळं टाकून येईल आणि मग पुन्हा कुठे टिकणार नाही, म्हणाले.

मी या वेळी पावसाळी हवेतच ओढून डॉक्टरांकडे नेलं. तुझ्या घरगाडीचं सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरोबर, बिघडलेलं असतानाच आणायचं. आतली नस शाबूत आहे. पडद्यामागे ओल साचते, वाट बंद होते. औषध दिलंय, पुढे बघू म्हणाले.

पट्टा पोचला. कपाटात फेकलाय. "मी काय घोडा आहे, पट्टा बांधायला?" मी तो बाहेर काढला. चार्जिंगला लावून ठेवलाय.

तुझी ताई


१५ डिसेंबर

चिरंजीव भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ताईने मला झोपेतून उठवून पट्टा चढवला. मी ओरडलो. मग तिने तुझं रेकॉर्डिंग लावलं.

पोरा, मला वाटलं होतं की इंजिन मी आता दातानेच ऐकणार, तेही उभं राहून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. आणि मी पलंगावर बसलोय, पायात चपलाही नाहीत, आणि ते खोलीत आलं. तू लिहिलेले चार शिंपी. खरे आहेत. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि ताई म्हणते, माझ्या तोंडाला लाळ आली होती. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

इंजिन बंद झाल्यावर तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलास, ते फार बरं झालं. आधी वारा आला. माथ्यावरचा वारा गाडीच्या अंगाला घासून कसा जातो ते मी इथे बसून ऐकलं. मग तापलेलं लोखंड निवताना टक् टक् करतं, ते. कोणीतरी किटलीवर झाकण ठेवलं. आजोबा काहीतरी म्हणाले, आजी हसली. आणि मग तू नाक ओढलंस. मी ते सगळं चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळेला ताईने हातात चहा दिला आणि माझ्या मागून, मी बघत नसताना, हळूच म्हणाली, "गार होईल." मी म्हटलं, "घेतो." ती जी रडायला बसली ती संध्याकाळपर्यंत. तेही ऐकू आलं.

डॉक्टरांचं पुढचं जे व्हायचं ते होईल. कुलूप काढलं. दमट दिवशी पट्टा, कोरड्या दिवशी मी.

परत ये असं म्हणणार नाही. थांबून बघायला शिकला आहेस, आता कुठे मन लागतंय तर लागू दे. एक काम मात्र राहिलंय. आजींना कळव की थंडी संपून निघायच्या आधी बेल्टची पुली बदलून घ्या. इंजिन विझताना अगदी शेवटच्या फिरक्यांना ती बारीक कुरकुरते. तिची बेअरिंग झिजत चालली आहे. ऐक पुन्हा. घाई न करता ऐक.

आणि फोन कर. मी उचलेन. पण ओरडून बोलू नकोस, मला ऐकू येतं.

दाजी